एअर फ्रायरमधले फ्राइज वारंवार सादळतात? आधी बटाटा तपासा

फेब्रुवारीत केलेले फ्राइज मस्त कुरकुरीत होतात. तेच मशीन, तेच तापमान आणि तेवढीच मिनिटं ठेवून श्रावणात केले, की काप बाहेरून काळपट आणि आतून ओलसर निघतात, ताटलीत पडल्यापडल्या माना टाकतात. राजेंद्रनगर असो की लोकमान्यनगर, इंदूरच्या आपल्या घरांतून ही तक्रार पावसाळा आला की हमखास ऐकू येते. मग कुणी तापमान २०० वर नेतं, कुणी वेळ वाढवतं, कुणी मशीन पुन्हा खोक्यात घालून माळ्यावर टाकतं. माझं मत ठाम आहे: बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. तो बटाट्यातल्या पाण्याचा आणि साखरेचा असतो, आणि हे दोन्ही हंगामाप्रमाणे बदलतात. म्हणून एकदा जमलेली कृती वर्षभर तशीच जमत नाही.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. वर हीटर असतो, त्याच्यामागे पंखा, आणि तापलेली हवा जाळीदार भांड्यातून जोरात फिरते. बस्स, एवढंच. कापाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी उडालं की मगच कवच बनायला लागतं आणि सोनेरी रंग चढतो. कढईतल्या तेलातही हेच घडतं, पण तेल हवेपेक्षा कितीतरी वेगानं उष्णता पोचवतं, त्यामुळे थोडा ओला काप तिथे खपून जातो. हवेत तो खपत नाही. पाणी वेळेत उडालं नाही, तर आतला भाग शिजून मऊ होतो आणि वरचं कवच बनायच्या आत वेळ संपते.

आता बटाटा. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथेच निम्मी लढाई असते.

माळव्यात बटाटा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात आणि जानेवारी ते मार्चपर्यंत काढतात. डिसेंबरात मंडईत येणारा कोवळा, पातळ सालीचा नवा बटाटा भाजीला गोड लागतो, पण फ्राइजला तो निरुपयोगी. त्यात पाणी जास्त, पिठूळपणा कमी. नखानं साल सहज निघत असेल तर तो बाजूला ठेवा, रस्साभाजी करा. फेब्रुवारी-मार्चचा पूर्ण पक्व, जाड सालीचा बटाटा हा घरगुती फ्राइजसाठी वर्षातला सगळ्यात चांगला. त्यानंतर माल शीतगृहात जातो, आणि तिथून पुढे गंमत बदलते.

नेहमीच्या शीतगृहात बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात, म्हणजे त्याला मोड येत नाहीत. पण एवढ्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चचं हळूहळू साखरेत रूपांतर होतं. अशा बटाट्याचे काप गरम हवेत गेले, की आतलं पाणी उडायच्या आतच ती साखर लाल होते. म्हणून काप दिसायला झालेले वाटतात, खाल्ले की मऊ आणि किंचित गोडसर लागतात. श्रावणातल्या काळपट फ्राइजचं कारण हेच. तुम्ही रंग बघून भांडं बाहेर काढता, आणि आत पाणी तसंच राहिलेलं असतं. तापमान वाढवलं तर रंग आणखी लवकर येतो, म्हणजे दुखणं वाढतं.

चिप्सवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून त्यांचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवलेला असतो. बाजारात तो ‘शुगर फ्री आलू’ म्हणून मिळतो. नावानं घाबरू नका आणि मधुमेहाचं पथ्य म्हणूनही घेऊ नका. त्याचा अर्थ इतकाच, की थंडीनं त्यात साखर वाढलेली नाही, स्टार्च तर पुरेपूर आहेच. चोइथराम मंडीत बटाट्याच्या व्यापाऱ्याला सरळ विचारा, “चिप्स का आलू है क्या?” इंदूर-देवास-उज्जैन पट्ट्यातून चिप्सच्या कारखान्यांना बटाटा जातो, त्यामुळे चिप्सोना किंवा एल.आर. (लेडी रोझेटा) ही वाणांची नावं इथे नवी नाहीत. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं चिप्सोनाची पहिली वाणं १९९८ साली दिली, आणि पुढे खास फ्राइजसाठी लांबट आकाराचा कुफ्री फ्रायसोनाही आणला. फ्रायसोना सुट्ट्या बाजारात सहसा दिसत नाही, पण चिप्सोना मिळाला तर सोडू नका. ज्योती या वाणावर काम भागतं. पुखराज लवकर निघतो, स्वस्त असतो, पण पाणीदार. त्याचे फ्राइज करून वैतागण्यापेक्षा त्याची भाजीच बरी.

वाण ओळखता येत नसेल तर मिठाच्या पाण्याची परीक्षा करा. एक लिटर पाण्यात साधारण १२० ग्रॅम मीठ (सपाट सात मोठे चमचे) पूर्ण विरघळवा आणि त्यात धुतलेला अख्खा बटाटा सोडा. बुडाला तर त्यात घन भाग विसेक टक्के किंवा जास्त आहे, फ्राइजला चालेल. तरंगला तर पाणीदार आहे. हे मिठाचं पाणी फेकू नका, एकाच पाण्यात सगळी पिशवी तपासून होते. या परीक्षेनं साखर मात्र कळत नाही. ती कळण्यासाठी एकाच बटाट्याचे चार काप आधी करून पाहा. १६० अंशांवर दहा मिनिटांतच तपकिरी पडले तर तो शीतगृहाचा गोड बटाटा समजा.

गोड बटाटा घरात आलाच आहे, तर दोन मार्ग आहेत. घाई नसेल तर तो कागदी पिशवीत, कोरड्या अंधाऱ्या जागी, कांद्यापासून लांब, खोलीच्या तापमानाला दोनेक आठवडे ठेवा. थोडी साखर पुन्हा स्टार्चमध्ये परतते, थोडी तशीच खर्ची पडते. पावसाळ्यात मोड लवकर येतात, तेव्हा लक्ष ठेवा. हिरवट पडलेला बटाटा खाऊ नका. फ्रिजमध्ये तर कच्चा बटाटा ठेवूच नका, तिथे तेच शीतगृहाचं दुखणं घरबसल्या लागतं. घाई असेल तर उकळीचा मार्ग, तो खाली सांगते.

काप करताना जाडी सगळ्यांची सारखी हवी, आठ ते दहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीहून किंचित बारीक. त्याहून पातळ काप हवेत वाळून कडक होतात, आतला मऊ गर उरत नाही. बटाट्याच्या दोन्ही टोकांकडचे निमुळते तुकडे वेगळे काढा, ते आधी करपतात आणि सगळ्या घाण्याला कडू वास लावतात. कापल्याबरोबर पाण्यात टाका. तीन-चार पाणी बदलून, खालचं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा आणि मग अर्धा तास गार पाण्यात राहू द्या. कापताना सुरीनं फुटलेल्या पेशींमधलं पीठ पृष्ठभागावर चिकटलेलं असतं. ते राहिलं तर काप एकमेकांना डकतात आणि डकलेल्या जागी हवा पोचत नाही.

त्यानंतरची उकळी ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी आहे, आणि बहुतेक जण तीच गाळतात. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक लहान चमचा मीठ घालून उकळी आणा, काप सोडा, पुन्हा उकळी फुटल्यावर मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं ठेवा. व्हिनेगर नसेल तर दोन मोठे चमचे लिंबाचा रस चालतो. आंबट पाण्यात बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून काप शिजतो पण भुगा होत नाही. शिवाय गरम पाण्यात साखर गार पाण्यापेक्षा जास्त निघून जाते, म्हणून शीतगृहाच्या बटाट्याला ही पायरी सक्तीची समजा. सुरीचं टोक सहज आत जावं, पण चिमट्यानं उचलल्यावर काप मोडू नये. इतपत झालं की चाळणीत उपसा.

आता वाळवणं. चाळणीतल्या गरम कापांतून वाफ निघत असते, तिला निघू द्या, झाकण ठेवू नका. पाणी निथळलं की स्वच्छ सुती पंच्यावर एकेक काप सुटा पसरा आणि पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. मधे एकदा परतवा. पृष्ठभाग पांढुरका, किंचित खरबरीत दिसला पाहिजे आणि बोटाला ओल लागता कामा नये. पेपर नॅपकिननं वरवर टिपून भागत नाही. अर्धा किलो कापांवर ३० मिलिलिटर पाणी चिकटून राहिलं, तर १५०० वॉटच्या हीटरची पूर्ण उष्णता जवळपास मिनिटभर केवळ त्याच पाण्यावर खर्च होते. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेबरोबर बाहेर जाते, म्हणून वेळ कितीतरी जास्त लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरच्या हवेत ओल असते, तेव्हा पंख्याखाली अर्धा तास द्या.

तेलाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की एअर फ्रायरमध्ये तेल लागतच नाही. विकतचे गोठवलेले फ्राइज बिनतेलाचे कुरकुरीत होतात, कारण ते कारखान्यात आधीच तेलात अर्धवट तळलेले असतात. घरचा कच्चा काप बिनतेलाचा टाकला तर तो भाजतो, चामट होतो, आणि मग मुलं दोन खाऊन उठतात. अर्धा किलो कापांना एक मोठा चमचा तेल पुरतं. आधी पूर्ण वाळवा, मग परातीत घेऊन हातानं चोळा. भांड्यात टाकल्यावर वरून शिंपडलेलं तेल खालीच गळतं. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं, घरात असेल ते रिफाइंड चालेल. दाबाच्या डब्यातला तयार स्प्रे टाळा, त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर न चिकटणाऱ्या लेपावर बसतो आणि निघत नाही. मीठ आत्ता घालायचं नाही. मीठ आतलं पाणी वर ओढतं आणि इतका वेळ वाळवलेलं वाया जातं.

बटाटा मनासारखा मिळाला नसेल तर तेल चोळल्यावर दोन लहान चमचे तांदळाची पिठी भुरभुरवा. कॉर्नफ्लोरही चालतं, पण पिठीचं कवच जास्त वेळ टिकतं असा माझा अनुभव आहे. उपासाला करायचे असतील तर त्याऐवजी वरईचं किंवा शिंगाड्याचं पीठ घ्या, मीठ सैंधव. आषाढी एकादशी नेमकी शीतगृहाच्या बटाट्याच्या दिवसांत येते, म्हणून त्या दिवशी उकळी आणि पीठ दोन्ही सोडू नका; व्हिनेगर चालत नसेल तर लिंबू आहेच. रताळ्याचे करणार असाल तर आधीच सांगते, रताळ्यात साखर मुळातच जास्त, ते बटाट्याइतके कुरकुरीत होणार नाहीत. १८० च्या वर जाऊ नका.

भांड्यात किती टाकायचे, यावर घरोघरी वाद होतो. चार लिटरच्या भांड्यात २५० ते ३०० ग्रॅम कापांचा एक घाणा, त्याहून जास्त नाही. एकावर एक थर रचले की मधल्या कापांची वाफ वरच्यांना लागते आणि सगळे उकडल्यासारखे होतात. पाहुणे आले म्हणून एकदम किलोभर टाकलं तर वीस मिनिटांनी तुमच्या हाती उकडलेला बटाटाच येणार. मशीन आधी तीन-चार मिनिटं रिकामं तापवून घ्या. मग १६० अंशांवर दहा मिनिटं, मधे एकदा भांडं हलवून. बाहेर काढा, जाळीवर पसरा, दहा मिनिटं निवू द्या. मग २०० अंशांवर सात ते नऊ मिनिटं, त्यात पुन्हा एकदा हलवा. घाणे जास्त असतील तर सगळ्यांचा पहिला टप्पा आधी उरकून घ्या, दुसरा टप्पा खायला बसताना.

इंदूरच्या सराफ्यात हिवाळ्यात गराडू हा कंद खाल्ला असेल तर हे लगेच पटेल. गराडूचे तुकडे आधी तळून ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडक तळून, मसाला आणि लिंबू मारून हातात देतात. पहिल्या वेळी आतला गर शिजतो, मधल्या वेळात वाफ निघून पृष्ठभाग कोरडा होतो, दुसऱ्या वेळी कवच बनतं. फ्राइजलाही हे तीन टप्पे हवेत, आणि मधली विश्रांती ही त्यातली गाळण्यासारखी गोष्ट नाही.

एवढं सगळं करूनही बिघडत असेल, तर मग मशीनकडे वळा. काप खालून ओले आणि वरून झालेले येत असतील तर भांड्यात कागदाचा, फॉइलचा किंवा सिलिकॉनचा तळ अंथरला आहे का बघा. भांडं धुवायचा कंटाळा वाचतो खरा, पण जाळीची भोकं बंद होतात आणि खालून हवा फिरत नाही. फ्राइजसाठी तो काढून टाका. भोकांत जुनं तेल साचून घट्ट झालं असेल तर गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा आणि मऊ ब्रशनं साफ करा. मशीन पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून, उलटं करून वरचा हीटरही एकदा पाहा. तिथे चिकटलेल्या तेलाचा धूर होतो आणि तोच वास फ्राइजला लागतो.

दुपारी छान होतात आणि रात्री आठला होत नाहीत, असं असेल तर व्होल्टेज तपासा. २३० व्होल्टवर १५०० वॉट देणारा हीटर २०० व्होल्टवर साधारण ११३० वॉटच देतो, कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. पडद्यावर २०० अंश दिसत राहतात, पण भांडं उघडून हलवल्यावर पुन्हा तेवढं तापायला वेळ लागतो. अशा वेळी घाणा आणखी लहान करा, दुसरा टप्पा तीन-चार मिनिटं वाढवा. आणि एक काळजीची गोष्ट: असं मशीन साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतं, म्हणजे ६ अँपिअरच्या लहान सॉकेटच्या कुवतीबाहेर. ते १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. प्लग हाताला गरम लागत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

तापमानाचाच संशय असेल तर ओव्हनचा साधा थर्मामीटर आत ठेवून दहा मिनिटांनी वाचा. दहा-पंधरा अंशांचा फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही, तेवढं कमी-जास्त करून लावायचं.

मशीनमधून कुरकुरीत निघाले आणि टेबलावर येईपर्यंत मऊ पडले, ही तक्रार वेगळी. तिचं कारण जवळजवळ नेहमी झाकण असतं. गरम काप स्टीलच्या डब्यात भरले, ताटलीनं झाकले, किंवा खोलगट वाडग्यात ढीग केला, की आतली वाफ बाहेर पडून पुन्हा त्यांच्याच अंगावर बसते. जाळीवर किंवा रुंद, उथळ ताटात एका थरात काढा. मीठ याच वेळी, गरम असताना. जीरावन (इंदुरी चटपटीत मसाला) घालणार असाल तर मीठ वेगळं घालू नका, त्यात ते असतंच. लिंबू मात्र खाताना पिळा, आधी पिळलं तर दोन मिनिटांत सगळं नरम.

मुलांच्या शाळेच्या डब्यात कुरकुरीत फ्राइज द्यायची इच्छा मी समजू शकते, पण ते होत नाही. बंद डब्यात ते टिकत नाहीत. त्यापेक्षा पहिला टप्पा झालेले काप पूर्ण निववून, ताटात सुटे पसरवून फ्रीझरमध्ये घट्ट करा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. मुलं शाळेतून आली की न वितळवता थेट २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. गोठताना बर्फाच्या कणांनी आतल्या पेशी फुटतात, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात पाणी लवकर निघतं आणि गर जास्त भुसभुशीत होतो. शीतगृहाच्या बटाट्याचेही काप या पद्धतीनं पुष्कळ सुधारतात. उरलेले तयार फ्राइज मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तिथे ते चिवट होतात. १९० अंशांवर तीन-चार मिनिटं, एका थरात, तेल न लावता.